कुलाब्याचं अफगाण चर्च: विद्यार्थ्यांना नेमकं काय दाखवावं?

ओवरी:

वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये, म्हणजे सेंट जॉन द इव्हँजेलिस्टमध्ये, घेऊन जायचं आहे. हाताशी दोन तास आहेत. ‘टोकदार कमानी, उंच मनोरा, रंगीत काचा’ एवढं सांगून परतायचं नाही. इमारत उभी कशी राहते, ती कशासाठी बांधली आणि मुंबईच्या हवेत ती कुठे कुठे झिजते, हे तिन्ही मुलांना कळायला हवं. अडलेले मुद्दे असे:

१. याला नुसतं गॉथिक म्हणायचं की नेमकं काही नाव आहे? सीएसएमटी किंवा राजाबाई टॉवरपासून हे वेगळं कसं दाखवायचं?

२. ‘काबूलच्या माघारीत मेलेल्यांचं स्मारक’ असं सगळीकडे वाचायला मिळतं. एवढं सांगून भागेल का?

३. वापर सुरू झाला १८५८ मध्ये आणि मनोऱ्यावरचा टोकदार सुळका पुरा झाला १८६५ मध्ये. मधली सात वर्षं कशाची?

४. अशा इमारतींच्या दगडावर काळे थर, पांढरी भुकटी, पापुद्रे दिसतात. ते कसे वाचायचे?

५. रंगीत काचांबद्दल तांत्रिक काय सांगावं?

पाथरवट_आळी:

पहिला आणि तिसरा मुद्दा घेतो.

हे चर्च ‘अर्ली इंग्लिश’ पद्धतीचं आहे. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकात जे गॉथिक रुजलं, त्याचं एकोणिसाव्या शतकात केलेलं पुनरुज्जीवन. खुणा म्हणजे अरुंद, उंच, भाल्याच्या पात्यासारख्या खिडक्या, तीव्र उताराचं छप्पर आणि जपून वापरलेलं कोरीवकाम. सीएसएमटीचं बांधकाम १८७८ ते १८८८ मधलं. तिथे इटालियन गॉथिक, घुमट आणि देशी नक्षी हे सगळं एकत्र येतं. राजाबाई टॉवर १८७८ चा, उंची २८० फूट, आणि त्याचे आराखडे करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट भारतात कधी आलेच नाहीत. अफगाण चर्चचा पाया घातला गेला डिसेंबर १८४७ मध्ये. म्हणजे मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडून ओव्हल मैदानाच्या कडेला गॉथिक इमारतींची रांग उभी राहायच्या कितीतरी आधी. मुलांना हा क्रम पक्का सांगा. मुंबईचं गॉथिक म्हटलं की सगळे ओव्हलपासून सुरुवात करतात, आणि हे चर्च युनेस्कोच्या २०१८ च्या यादीतल्या त्या समूहात नसल्यामुळे मागे पडतं. माझ्या मते सुरुवात इथूनच व्हायला हवी.

आराखडा हेन्री कॉनीबेअर यांचा. हे मुळात स्थापत्य अभियंते. विहार तलावाच्या पाणीयोजनेमागेही हेच. त्यांचे वडील विल्यम कॉनीबेअर इंग्लंडमधले नावाजलेले भूशास्त्रज्ञ होते. आतलं बरंचसं काम, म्हणजे वेदीमागचा पडदा, बाकं, जमिनीच्या फरशांची रचना, विल्यम बटरफिल्ड यांचं. लंडनमधलं ऑल सेंट्स, मार्गारेट स्ट्रीट हे रंगीत विटांचं चर्च उभारणारे तेच.

आत गेल्यावर आधी चान्सेल दाखवा, म्हणजे वेदीकडचा पूर्वेचा भाग. लांबी ५० फूट, रुंदी २७ फूट. एवढी खोल चान्सेल मुद्दाम ठेवलेली आहे. त्याआधीच्या इंग्रजी वसाहतींतल्या चर्चमध्ये प्रवचन ऐकायची मोठी खोली आणि टोकाला उथळ वेदी, असा आराखडा चाले. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये एक चळवळ उभी राहिली. तिचं म्हणणं होतं की मध्ययुगीन विधी नीट व्हायचे तर वेदीचा भाग खोल आणि वेगळा ओळखू येणारा हवा. अफगाण चर्च त्या विचाराचं आहे. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ मध्ये उघडलं, आणि त्याला अशी खोल चान्सेल १८६० च्या दशकात नंतर जोडली गेली. एकाच दिवशी दोन्ही दाखवता आली तर फरक पायांनी चालून कळतो, वेगळं सांगावं लागत नाही.

आता कमान. ‘टोकदार कमान सुंदर दिसते म्हणून’ हे उत्तर मुलांना देऊ देऊ नका. अंगणात दोरी आणि खडू घेऊन तीन कमानी आखायला लावा. तिन्हींचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, १ मीटर.

अर्धवर्तुळ: केंद्र मधोमध, त्रिज्या ५० सेंमी, उंची ५० सेंमी.

समभुज टोकदार कमान: केंद्रं दोन्ही टोकांवर, त्रिज्या १ मीटर, उंची साधारण ८७ सेंमी.

लॅन्सेट, म्हणजे भाल्याच्या पात्यासारखी अरुंद कमान: केंद्रं गाळ्याच्या बाहेर, त्रिज्या दीड मीटर घेतली तर उंची साधारण ११२ सेंमी.

सारख्या गाळ्यावर सारखा भार असेल तर कमानीचा आडवा रेटा ढोबळमानाने तिच्या उंचीच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे समभुज कमानीचा रेटा अर्धवर्तुळाच्या सुमारे ५८ टक्के, आणि लॅन्सेटचा निम्म्याहूनही कमी. हिशेब ढोबळ आहे, पण भिंत बारीक का ठेवता आली, खिडकी उंच का करता आली हे त्यातून उमगतं. आणखी एक फायदा असा की गाळे लहानमोठे असले तरी त्रिज्या बदलून सगळ्या कमानींचं टोक एका उंचीवर आणता येतं. अर्धवर्तुळात गाळा ठरला की उंचीही ठरून जाते.

रेटा कमी झाला तरी नाहीसा होत नाही. ओळीतल्या शेजारशेजारच्या कमानी एकमेकींना तोलतात, पण शेवटच्या कमानीला पलीकडून आधार नसतो. तिथे टोकाची जाड भिंत काम करते. ही जागा मुलांना बोटाने दाखवायला सांगा, निम्मी मुलं मधल्या खांबाकडे बोट करतील. छप्पर लाकडी आहे, दगडी व्हॉल्ट (कमानदार छत) नाही. म्हणून पॅरिसच्या नोत्र दामसारखे हवेतून झेप घेणारे आधार इथे लागलेच नाहीत. भिंतीलगतचे साधे बट्रेस, म्हणजे बाहेरून टेकवलेले दगडी आधार, पुरतात. लाकडी छपराचा रेटा वेगळा असतो: वाशांची खालची टोकं फाकतात आणि भिंतीचा माथा बाहेर ढकलतात. लाकूड टोकाशी कुजलं की हा रेटा वाढतो. त्यामुळे कोणत्याही जुन्या चर्चमध्ये भिंत माथ्याशी बाहेर कललेली दिसली तर पायाआधी छपराच्या वाशांची टोकं तपासा.

मनोऱ्याबद्दल. चर्चचं अर्पण ७ जानेवारी १८५८ ला बिशप हार्डिंग यांच्या हस्ते झालं, सुळका पुरा झाला जून १८६५ मध्ये. याचं नवल नाही. प्रार्थनेला वेदी आणि सभागृह लागतं, सुळका लागत नाही. वर्गणीवर उभ्या राहणाऱ्या चर्चमध्ये सुळका शेवटीच येतो. त्यासाठी देणगी देणाऱ्यांत कावसजी जहांगीर हे पारशी दानशूर होते, हे आवर्जून सांगा. अशा कामाला एक तांत्रिक बाजूही असते. मनोऱ्याचा पाया सभागृहाच्या पायापेक्षा कितीतरी जास्त भार घेतो आणि जास्त खचतो. दोन्ही एकदम चढवत नेले तर सांध्यावर तडे जातात. मनोरा टप्प्याटप्प्याने उचलला, जमिनीला दबायला वेळ दिला तर तडे कमी पडतात. कोणत्याही चर्चमध्ये मनोरा आणि सभागृह जिथे भेटतात तो उभा सांधा बघून घ्यावा. तिथला तडा वर रुंद आणि खाली बारीक असेल तर मनोरा कलतोय असं समजायचं. वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा असेल तर दोन भाग नुसते एकमेकांपासून सुटलेत.

सुळक्याची उंची १९८ फूट, म्हणजे ६० मीटर. बंदरात येणाऱ्या जहाजांना तो खुणेचा होता. मुलांना मोजायला लावा. फोनमधला कोनमापक चालतो. टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून ६० मीटरवर उभं राहिलं तर कोन ४५ अंशांच्या किंचित खाली यायला हवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे अंतर मनोऱ्याच्या भिंतीपासून मोजणं. टोक भिंतीवर नसतं, मनोऱ्याच्या मधोमध असतं. म्हणून मनोऱ्याची निम्मी रुंदी अंतरात मिळवायची आणि शेवटी डोळ्यांची उंची उत्तरात मिळवायची. दोन्ही विसरलं की उत्तर चार-पाच मीटरने कमी येतं.

तवारीख:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही, तेवढं सांगून भागणार नाही.

पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात, जानेवारी १८४२ मध्ये, काबूलहून इंग्रजांची जी फौज माघारी निघाली ती सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे अशी होती. जवळजवळ सगळे खिंडीत कापले गेले किंवा थंडीने गेले. पण त्या फौजेतल्या पलटणी प्रामुख्याने बंगाल आर्मीच्या होत्या, सोबत ४४ वी ब्रिटिश पायदळ पलटण. मुंबईच्या पलटणींची वाट वेगळी. त्या १८३८ च्या अखेरीस समुद्रमार्गे सिंधला उतरल्या, बोलन खिंडीतून वर गेल्या, जुलै १८३९ मध्ये गझनीच्या हल्ल्यात होत्या, त्याच नोव्हेंबरात कलातच्या किल्ल्यावर होत्या. पुढे फेब्रुवारी १८४३ मध्ये मियानीची लढाई झाली आणि सिंध ईस्ट इंडिया कंपनीच्या घशात गेला.

चर्चमधला स्मारकलेख नीट वाचला की हे उलगडतं. त्यात काळ दिलाय १८३८ ते १८४३ आणि मोहिमा दोन सांगितल्यात, सिंध आणि अफगाणिस्तान. तलवारीने पडलेल्यांइतकाच उल्लेख रोगाने मेलेल्यांचा आहे, आणि ते खरंही आहे, कारण सिंधमधल्या तापाने आणि हगवणीने पलटणी पोखरल्या होत्या. नावं मात्र अधिकाऱ्यांची. खालच्या हुद्द्याचे अधिकारी आणि साधे शिपाई यांच्याबद्दल लेख म्हणतो की ते इतके होते की नावं नोंदता आली नाहीत.

मुलांना इथे थांबवा. घाईने पुढच्या खिडकीकडे नेऊ नका. मुंबईच्या त्या पलटणींत कोकण आणि देशावरचे शिपाई होते. बलुच डोंगरातला कहानचा किल्ला १८४० मध्ये वेढ्यात धरून ठेवला तो ५ व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या तुकडीने. ही पलटण पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत आली आणि ‘काली पांचवी’ म्हणून आजही ओळखली जाते. अफगाण युद्ध म्हणजे दूरच्या गोऱ्यांची गोष्ट, असं मराठी मुलांना वाटतं. या भिंतीवर ज्यांची नावं नाहीत त्यांत त्यांच्याच गावाकडची माणसं असणार, हे त्यांना कळलं पाहिजे.

एक प्रचलित वाक्य टाळा: ‘फक्त डॉ. ब्रायडन जिवंत परतले.’ फौजेतले डॉक्टर विल्यम ब्रायडन १३ जानेवारी १८४२ ला जलालाबादला पोचले, हे बरोबर. पण काही अधिकारी, बायका आणि मुलं ओलीस होती आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सुटली. काही हिंदी शिपाईही नंतर विखुरलेल्या अवस्थेत परत आले. त्यांना हिशेबातून वगळण्याची सवय त्या काळापासूनची आहे, आपण ती पुढे चालवायला नको.

भेटीचा क्रम असा ठेवा: आधी लेख, मग इमारत. उलट केलं की लेख वाचायची वेळ येईपर्यंत सगळे दमलेले असतात.

चुनासुरखी:

चौथा मुद्दा माझ्या कामाचा.

दोन दगड ओळखायला शिकवा. भिंतींचा पिवळसर-बदामी दगड कुर्ल्याकडच्या खाणींतला बेसाल्ट. कठीण, कमी पाणी पिणारा, घडवायला जिकिरीचा. खांब, कमानी आणि घडीव कडांचा फिकट दगड पोरबंदरचा, म्हणजे चुनखडीचा. मऊ, छिन्नीला लवकर वश होणारा, पण पाणी पिणारा. ओळखायची सोपी रीत म्हणजे एक थेंब पाणी टेकवून बघायचं. पोरबंदरच्या उघड्या, रंग न दिलेल्या दगडात थेंब काही सेकंदांत मुरतो, बेसाल्टवर तो बराच वेळ तसाच बसतो. पोरबंदरवरही थेंब मुरत नसेल तर वर कुणीतरी सिलिकॉनचा किंवा रंगाचा हात मारलेला असतो.

काळे थर. चुनखडीवर हवेतल्या गंधकाच्या वायूंचा परिणाम होऊन वरच्या थराचं जिप्सम होतं आणि त्यात काजळी अडकते. जिथे पाऊस थेट धुऊन नेतो तिथे दगड उजळ राहतो. कंगोऱ्याखाली, जिथे पाणी पोचत नाही, तिथे काळं कवच धरतं. म्हणजे काळ्या डागांचा नकाशा काढला की पावसाचं पाणी भिंतीवरून कसं वाहतं ते मिळतं. मात्र बेसाल्टवर दिसणारं काळं बहुतेक वेळा शेवाळ वाळून झालेलं असतं. दोन्हींना एकच उपाय चालत नाही. आम्लाने धुतलं तर चुनखडी सरळ विरघळते.

पांढरी भुकटी म्हणजे क्षार. समुद्र इतका जवळ असताना मीठ दगडात जाणारच. पाणी सुकताना मिठाचे स्फटिक होतात आणि दगडाच्या रंध्रांना आतून ताणतात. पापुद्रे त्यामुळे सुटतात. म्हणून नुकसान पावसात कमी आणि पावसानंतर, ऑक्टोबरपासून सुकताना जास्त दिसतं. भुकटी पाण्याने धुवायची नाही, मीठ विरघळून परत आत जातं. कोरड्या मऊ ब्रशने झाडून गोळा करायची. फार असेल तर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा दोन सेंमी जाडीने थापायचा, पूर्ण सुकू द्यायचा आणि काढून टाकायचा. एकदा करून मीठ संपत नाही, दोन-तीन फेऱ्या धराव्या लागतात.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र हवेने होत नाही, सिमेंटने होतं. जुन्या चुन्याच्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले भरलेले सांधे, थोड्या भुसभुशीत दिसल्या की कुणीतरी सिमेंटने भरून टाकतं. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि जवळजवळ पाणबंद. भिंतीतलं पाणी दर्जेतून बाहेर पडायचं ते आता दगडातून पडतं, मीठ दगडाच्या तोंडाशी जमतं आणि चिऱ्याची कड झडते. काही वर्षांनी सिमेंटची जाळी शाबूत आणि मधला दगड खोल गेलेला, असं दृश्य होतं. मुंबईत जुन्या दगडी इमारतींवर हे पावलापावलावर आहे. मुलांना दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहू द्या.

दुरुस्तीची रीत. सिमेंट हातोडी आणि अरुंद छिन्नीने काढायचं, ग्राइंडर लावायचा नाही, कारण पातं हमखास दगडात घुसतं. सिमेंट इतकं चिकटलं असेल की काढताना कड तुटते, तर ते तसंच सोडायचं आणि सुटेल तेव्हा काढायचं. दर्ज किमान २५ मिलिमीटर किंवा रुंदीच्या दुप्पट, यांतलं जे जास्त असेल तितकी खोल साफ करायची. आतली धूळ पाण्याने काढून दगड ओलसर ठेवायचा. मसाल्याला सुरुवातीचं प्रमाण विरलेला चुना १, सुरखी (विटांची पूड) १, धुतलेली वाळू २. वाळू समुद्राची किंवा खाडीची मुळीच नको. आधी आडबाजूच्या भिंतीवर चौरस मीटरभर नमुना करून रंग, तडे आणि कठीणपणा बघायचा. मसाला दगडापेक्षा मऊ राहिला पाहिजे. भरताना एका दमात न भरता थरांनी दाबायचा आणि दगडाच्या तोंडापासून एक-दोन मिलिमीटर आत थांबायचं. बाहेर सांडून दगडावर पट्टा ओढला की पाणी त्या पट्ट्यामागे अडतं. मग ओलं गोणपाट, किमान आठवडाभर. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. एप्रिल-मेच्या उन्हात चुना सुकतो पण धरत नाही, बोटाने घासला की पीठ होतं.

लोखंड हा वेगळा विषय. जुन्या चिनाईत चिरे जोडायला लोखंडी आकडे वापरत. गंजताना लोखंड फुगतं आणि दगड आतून फोडतं. ठरावीक अंतरावर, सांध्याजवळच, बशीसारखे टवके उडालेले दिसले तर आत आकडा आहे असं धरून चालायचं. टवका नुसता चिकटवून उपयोग नाही. आकडा काढून त्याजागी ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील किंवा ब्राँझ घालावं लागतं. सुळक्यावर हे सगळ्यात धोक्याचं, कारण तिथले टवके साठ मीटरवरून खाली येतात.

आणि पिंपळ. रोपटं हाताने उपटायचं नाही, मूळ आत तुटून राहतं आणि ओढताना चिरा हलतो. खोड कापून बुंध्यावर औषध लावायचं, मूळ मेल्यावर दर्ज उघडून काढायचं आणि लगेच भरून घ्यायची. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. पन्हाळीत अडकलेली मूठभर पानं अख्खी भिंत ओली ठेवतात. मे अखेरीस पन्हाळी साफ करणं हे या इमारतीवरचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम.

काचकाम_वाली:

पूर्व आणि पश्चिमेच्या मोठ्या खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्याच्या. भडक, स्वच्छ रंग ही त्यांची ओळख. मुलांना वेळ सांभाळून न्या: पूर्वेची खिडकी सकाळी नऊ-दहाच्या आत, पश्चिमेची दुपारी चारनंतर. भर दुपारी दोन्ही निस्तेज दिसतात.

समज दुरुस्त करायची पहिली गोष्ट ही की हा काचेवर काढलेला नुसता रंग नाही. लाल, निळा, हिरवा हा काचेच्या अंगातलाच रंग, काच वितळलेली असताना धातूंची ऑक्साइडं मिसळून आणलेला. निळ्याला कोबाल्ट, हिरव्याला तांबं किंवा लोह. त्यावर चेहरे, बोटं, कपड्यांच्या चुण्या काळपट-तपकिरी रंगाने काढतात. तो रंग म्हणजे लोहाचं ऑक्साइड आणि काचेची पूड, भट्टीत साधारण ६०० ते ६५० अंशांवर भाजून काचेत बसवलेली. पिवळा वेगळ्या जातीचा: चांदीच्या क्षाराचा लेप देऊन भाजला की काचच पिवळी होते, आणि हा लेप सहसा मागच्या बाजूला असतो. एखाद्या संताचा चेहरा आणि पिवळे केस एकाच तुकड्यात, मध्ये शिशाची रेघ नसताना, दिसले तर ही युक्ती.

तुकडे इंग्रजी एच अक्षरासारख्या छेदाच्या शिशाच्या पट्ट्यांत बसतात, सांध्यांना डाख दिलेला असतो, फटींत जवसाच्या तेलाचा, पुट्टीसारखा मसाला भरतात. पूर्ण पॅनेल तांब्याच्या तारांनी आडव्या लोखंडी सळ्यांना बांधलेलं असतं. ही सळई दुर्लक्षित राहते, पण वाऱ्याचा सगळा दाब तीच घेते.

बिघाडही इथूनच सुरू होतात. तारा तुटल्या की पॅनेल पोटाशी फुगतं. बाजूला उभं राहून काचेच्या पृष्ठावरून तिरकं पाहिलं की फुगवटा लगेच दिसतो, समोरून कधीच कळत नाही. सळईची टोकं दगडात गंजतात आणि खिडकीची चौकट फोडतात, वर चुनासुरखी यांनी सांगितलं तेच. शिसं दिवसाच्या उन्हाने प्रसरण पावतं, रात्री आकसतं, आणि डाखाच्या कडेला बारीक चिरतं. पश्चिमेच्या खिडकीला पावसाळ्यात थेट मारा बसतो, म्हणून तिथला मसाला आधी वाहून जातो. आतल्या बाजूला पाण्याचे ओघळ दिसले तर काच फुटलेली असेलच असं नाही, बहुतेक वेळा मसालाच गेलेला असतो.

दोन चुकीचे उपाय फार चालतात. एक, बाहेरून पॉलिकार्बोनेटचं शीट ठोकून बसवणं. मधली हवा कोंडते, तापते, दमट होते, आतला रंग सुटायला लागतो आणि शीट स्वतः काही वर्षांत पिवळं पडतं. संरक्षण हवंच असेल तर काच घालावी, आणि वर-खाली हवा खेळायला फट ठेवावी. दुसरी चूक म्हणजे घरगुती काचसफाईचा फवारा. त्यातला अमोनिया कमजोर भाजणीच्या रेषा उचलतो. आयनमुक्त पाणी, कापसाचा बोळा, हलका हात. आणि जिथे रेषा आधीच सुटतायत तिथे तेही नाही, आधी तज्ज्ञाकडून रेषा पक्क्या करून घ्यायच्या.

पॅनेल उतरवायची वेळ आली तर क्रम हा: फोटो, मग पातळ कागद ठेवून शिशाच्या रेषांची पेन्सिलने छाप, प्रत्येक तुकड्याला क्रमांक, आणि त्यानंतरच शिसं उघडायचं. छाप नसेल तर परत जोडताना पॅनेल चौकटीपेक्षा काही मिलिमीटर मोठं होतं आणि बसत नाही. तुटलेल्या जुन्या तुकड्याला शक्यतो चिकटवून तोच ठेवा. नवी काच रंगाला जुळली तरी तिच्यातून येणारा प्रकाश जुळत नाही.

ओवरी:

मनापासून आभार. क्रम बदलला: लेख, मग चान्सेल, मग कमानी, शेवटी बाहेरून दगड. दोन गोष्टी राहिल्या. जमिनीच्या फरशांबद्दल काय सांगावं? आणि घंटा दाखवता येत नसतील तर त्यांच्याबद्दल थोडक्यात काय?

पाथरवट_आळी:

फरशा इंग्लंडहून आणलेल्या, भौमितिक मांडणीच्या. अशा फरशांत नक्षी दोन तऱ्हांनी येते. एक, वेगवेगळ्या एकरंगी त्रिकोणी-चौकोनी तुकड्यांची जुळणी. दुसरी, ओल्या मातीच्या फरशीत साच्याने खड्डा करून त्यात दुसऱ्या रंगाची माती भरून भाजणं. दुसऱ्या तऱ्हेत रंग काही मिलिमीटर खोल असतो, म्हणून दीडशे वर्षं पायाखाली घासूनही नक्षी जात नाही. फरशी सैल झाली का ते बघायला लाकडी दांड्याने हळू ठोकायचं, पोकळ आवाज आला की खाली मसाला सुटलाय. परत बसवताना चुन्याचाच मसाला. सिमेंटवर बसवली की पुढच्या वेळी उचलताना फरशीच फुटते. चमकवायला आम्ल किंवा जाड लाखेचा थर कधीच नको. जमिनीतली ओल वर यायला जागा उरली नाही की ती भिंतीत चढते.

घंटा आठ. इंग्लंडमधल्या लफबरोच्या टेलर कारखान्यात १९०४ मध्ये ओतलेल्या. याच कारखान्याने १८९६ पासून घंटेचे पाच मुख्य स्वर वेगवेगळे जुळवायची पद्धत आणली. त्याआधी साधारण एकच ठळक स्वर जुळवत आणि बाकीचे जसे येतील तसे राहत. घंटेचा धातू म्हणजे सुमारे ७७ टक्के तांबं आणि उरलेलं कथील. कथील वाढलं तर आवाज खुलतो पण घंटा ठिसूळ होते. घंटेच्या आतल्या बाजूने कातून धातू काढत स्वर जुळवतात. काढलेला धातू परत लावता येत नाही, म्हणून प्रत्येक स्वर वरून खाली सावकाश आणायचा असतो. तडा गेलेली घंटा वितळवून नव्याने ओतावी लागते किंवा खास पद्धतीने सांधावी लागते, साध्या वेल्डिंगने ती आणखी चिरते.

वर जायची परवानगी मिळाली नाही तरी खालून दुर्बिणीने घंटाघराच्या झडपा बघा. पट्ट्या तुटल्या की कबुतरं शिरतात, त्यांची घाण ओलसर होते आणि घंटांचा लाकडी किंवा लोखंडी सांगाडा खाते. झडपांमागे जाळी आहे की नाही, एवढं मुलांनी वहीत टिपलं तरी पुरे.

तवारीख:

एक व्यवहाराची सूचना. चर्च नेव्ही नगरच्या वाटेवर आहे, आसपास संरक्षण खात्याची हद्द आहे. आवाराबाहेर कॅमेरा आणि ड्रोन दोन्ही टाळा, गटाच्या भेटीसाठी चर्चच्या कार्यालयाकडून आधी लेखी परवानगी घ्या, आणि रविवारची सकाळ प्रार्थनेसाठी सोडा. मोजणीची ६० मीटरची जागा आवाराच्या आतच मिळते का ते आदल्या दिवशी पाहून ठेवा. मिळाली नाही तर ४० मीटरवरून मोजा, कोन साधारण ५६ अंश येईल.